ब्रेक ऑइल आणि दातांचा डॉक्टर

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या सख्ख्या भावाचाही बसला नव्हता. पण एका माणसाने सहा महिन्यांत तीनदा गॅरेज गाठलं, त्यात दोनदा निव्वळ ब्रेक ऑइलपायी, आणि तेही अशा गाडीसाठी, जी वर्षाला चारशे किलोमीटरसुद्धा पळत नव्हती!

गाडी स्पोर्ट्‌स कार, दोन सीटची, आणि इतकी बुटकी की रस्त्यावरचं मांजर उडी न मारता नुसता पाय टाकून तिच्यावरून पलीकडे जायचं. मालक दातांचा डॉक्टर. आणि गॅरेज चालवायची ती गुडघे गेलेल्या बापाची एकुलती एक मुलगी. सगळे तिला मेस्त्रीच म्हणत. मेस्त्रीचा कुणाच्या शब्दावर विश्वास म्हणून नसे. कसा असणार? ‘ही बापलेक नसलेले बिघाड काढतात’ अशी आवई एका गिऱ्हाइकाने उठवली होती आणि निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती. आणखी एकदा नाव खराब झालं, तर शटर कायमचं खाली येणार होतं.

डॉक्टर पहिल्यांदा आला तो हॉर्न रुसला म्हणून. मेस्त्रीने सवयीने पेनासारखं यंत्र काढलं आणि ब्रेक ऑइलच्या डबीत बुडवलं. लाल दिवा.

“ब्रेक ऑइल बदलावं लागेल.”

“का हो? गाडी तर कायम झाकलेली असते.”

“झाकली म्हणून काय झालं? हे तेल हवेतली ओल पितं. पाणी वाढलं की ब्रेक तापल्यावर ते उकळतं. मग दाबत बसा पेडल! गाडी पळो न पळो, दोन वर्षांनी बदलायचं.”

“म्हणजे न वापरता खराब होतं? छान धंदा आहे!”

“आणि तुम्ही पेशंटला काय सांगता? दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी दाखवून जा. तो धंदा नाही वाटतं?”

दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडणाऱ्या माणसाचं तोंड त्या दिवशी स्वतःहून उघडं राहिलं.

जुनं तेल काढायला दोघं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून नट सैल करायचा. बाबांचे गुडघे तसे, म्हणून पेडलवर डॉक्टर बसला.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरून ठेवा… सोडू नका हं—”

“नाही सोडत.”

“आता सोडा.”

असं चारही चाकांशी. चौथ्या चाकाशी तिने मान वर केली, तर डॉक्टर आरशातून तिच्याकडेच बघत होता. तिने नट जरा जास्तच आवळला.

तीन महिन्यांनी स्वारी पुन्हा हजर. “ब्रेक ऑइल बदलायचंय.”

मेस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. हा सापळा दिसतोय! आपण उगाच तेल बदलायचं, आणि हा उद्या गावभर सांगत सुटणार. तिने यंत्र बुडवलं. हिरवागार दिवा.

“नाही बदलणार.”

“मी स्वतः सांगतोय तरी?”

“तुम्ही सांगताय म्हणूनच. दोन वर्षांनी या.”

“दोन वर्षं… फार होतात हो.”

“तेलाला नाही होत.”

आणि महिनाभराने? डॉक्टर घामाने निथळत, गाडी ढकलत दारात! मेस्त्रीने यंत्र बुडवलं आणि दिवा असा भडक लाल पेटला की रस्त्यावरची वाहनं सिग्नल समजून थांबली.

“महिन्यात एवढं पाणी?” बाबा खुर्चीतून म्हणाले. “पोरी, हे मुद्दाम केलंय कुणीतरी.”

मेस्त्रीने यंत्र बाकावर आपटलं. म्हणजे संशय खरा होता तर. आणि आपण वेडे, महिनाभर गाडीचा आवाज आला की दाराकडे धावत होतो!

“कुणी पाठवलं तुम्हाला? आमचं गॅरेज बंद पाडायला?”

“छे छे! अहो, मी… दवाखान्यात अवजारं उकळायचं भांडं असतं ना… डबीचं झाकण काढून त्याची वाफ दिली. म्हटलं, थोडी ओल चढेल, दिवा लाल होईल, बस—”

“ब्रेक ऑइलला वाफ? अहो, मेला असतात म्हणजे?”

“म्हणून तर ढकलत आणली.”

“पण कशासाठी?”

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. “मी पेडलवर आणि तुम्ही चाकापाशी… तसा अर्धा तास पुन्हा हवा होता. जमलं तर… जन्मभर.”

मेस्त्रीने त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. तिथे खोट सापडेना. मग काय! ती लाजून चूर झाली, पापण्या झुकल्या, आणि कोकिळेच्या आवाजात म्हणाली, “हो…”

“खोटं! साफ खोटं!” शेजारी बसून ऐकणारी माझी बायको कडाडली. “कसली कोकीळ? पाना फेकून मारला होता मी तुम्हाला! आणि ‘हो’बिहो काही नाही, ‘बसा पेडलवर’ म्हणाले होते.”