हरितांक शून्य

पाण्यात शेवाळ किती ते सांगणारा हरितांक नव्वदच्या पुढे गेला की मोजणारे यंत्र आकडा दाखवणे सोडून देत असे आणि काचेवर नुसती आडवी रेघ उमटे. मैथिली उपासनीच्या परसातल्या तलावावर ती रेघ कित्येक वर्षे मुक्कामाला होती.

नाशिकच्या पश्चिमेला द्राक्षबागा मोडून जी बंगल्यांची वसाहत उभी राहिली, तिच्यात एके काळी घरामागे पोहण्याचा तलाव असणे प्रतिष्ठेचे होते. मग टंचाई कायमची झाली आणि साठापाणी कायदा आला. तलाव रिकामा करायचा नाही, त्यात क्लोरीन टाकायचे नाही, बुजवायचा तर मुळीच नाही. पाणी आगीसाठी आणि दुष्काळासाठी राखीव. मालकाने ते फक्त सांभाळायचे. बहुतेकांनी वर जाळी टाकली आणि परसाकडची खिडकी बंद केली. मैथिलीनेही तेच केले. सारी नोकरी प्रयोगशाळेत पाण्यातले सूक्ष्मजीव मोजण्यात गेल्यावर निवृत्तीत पुन्हा तेच करायची तिला हौस नव्हती.

खिडकी उघडावी लागली ती निरंजनमुळे. पक्षाघाताने तिच्या नवऱ्याची डावी बाजू गेली. बोलणे परत आले, थट्टाही परत आली, पण डावा हात कप धरेना आणि डाव्या पायाला जमीन कळेना. छातीभर पाण्यात रोज चालवा, डॉक्टर म्हणाले. पाण्यात अंगाचा भार कमी होतो आणि पडले तरी लागत नाही. सहा महिन्यांत पाय शिकला तर शिकला, नंतर अवघड आहे, हेही त्यांनी सांगितले. शहरातले सार्वजनिक तलाव केव्हाच बंद झाले होते.

मैथिली कामाला लागली. पहिल्या दिवशी तिने जुन्या सवयीने एका बाटलीत हिरवे पाणी भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. पहिला नमुना फेकायचा नाही, हा प्रयोगशाळेचा नियम हातात मुरला होता. मग जाळीने पाने काढली, लांब दांड्याच्या ब्रशने भिंती घासल्या, तळाचा गाळ पंपाने उपसला. गाळातून प्लास्टिकची एक खुर्ची निघाली तेव्हा निरंजन खिडकीतून म्हणाला, "पुरातत्त्व खात्याला कळव." तिला हसायचेही त्राण नव्हते. पाणी चार दिवस बरे दिसे आणि पाचव्या दिवशी पुन्हा हिरवे होई. खांदे दुखत. रात्री झोपताना हाताला शेवाळाचा वास येई.

शेवटी तिने तुषार गावितला बोलावले. तो तिचा एके काळचा विद्यार्थी. आता शेवाळ मारणारी यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत होता. त्याने कासवाएवढी एक चपटी चकती आणली आणि पाण्यात सोडली. चकतीतून निळा उजेड पसरला.

तिचे नाव हरितवेधी, त्याने सांगितले. निळा उजेड पडला की पेशीतले हरितद्रव्य मंद लाल चमकते. डोळ्यांना ते दिसत नाही, यंत्राला दिसते. लाल चमक दिसली की यंत्र तेवढ्या टिंबावर ठिणगी टाकते आणि पेशी फुटते. रसायन नाही, कायद्याचा भंग नाही. चकती रात्रंदिवस फिरत राहते.

"चुकून माणसाला ठिणगी?" निरंजनने विचारले.

"काका, तुम्ही हिरवे नाही."

"अजून तरी नाही," निरंजन म्हणाला.

मैथिलीने एकच प्रश्न विचारला: मेलेल्या पेशींचे काय? त्या विरघळतात, तुषार म्हणाला, बाकीचे गाळणी पाहून घेते. ती इतकी दमली होती की तिने उपप्रश्न विचारला नाही.

हरितांक उतरू लागला. साठ, चाळीस, बारा. संक्रांतीच्या सुमाराला मोजणाऱ्या यंत्राच्या काचेवर शून्य उमटले आणि खाली 'अभिनंदन' अशी अक्षरे आली. तळाच्या निळ्या फरशीवरच्या भेगा मोजता येतील असे पाणी झाले. शेजारीपाजारी पाहून गेले, आणि वसाहतीतल्या आणखी आठ-दहा घरांनी हरितवेधी मागवले.

रोज सकाळचा क्रम ठरून गेला. आधी मैथिली निरंजनच्या डाव्या अंगाला कोमट नारायण तेल चोळी, खांद्यापासून टाचेपर्यंत, तिच्या सासूने सासऱ्यांना चोळले होते तसे. तेल मुरले, की दोघे पाण्यात उतरत. कठडा धरून तो चाले, ती मागे असे. मुरायचे ते मुरे, उरलेले पाण्यावर तरंगे आणि उन्हात त्याचे इंद्रधनुष्य दिसे. महिन्याभरात त्याने कठडा सोडला. एका सकाळी त्याने डाव्या हाताने चहाचा कप उचलला आणि न सांडता तोंडाला लावला. त्या दिवशी दुपारी मैथिली कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

त्यानंतरच्या आठवड्यात तो पाण्यात घसरला. तिने सावरले.

"फरशी बुळबुळीत आहे," तो म्हणाला.

"शून्य आहे हरितांक. पाय वळला असेल."

"मैथिली, हा उजवा पाय घसरला. त्याला कळतं."

तिने वाकून भिंतीवरून तळवा फिरवला. जुने तलाववाले पाण्याकडे बघण्याआधी हेच करत. महिनाभर तिने फक्त आकडा पाहिला होता. भिंत आरशासारखी स्वच्छ होती आणि हाताखालून साबणासारखी सटकत होती.

त्याच दिवशी तिने त्याचा डावा पाय उजेडात धरून पाहिला. बोटांच्या बेचक्यात पंधरवड्यापासून एक पांढरट चट्टा होता. ओलीने आलेली बुरशी समजून ती मलम लावत होती. चट्टा घोट्यापर्यंत गेला होता, मधोमध कातडी उघडली होती, आणि निरंजनला त्याचा पत्ता नव्हता.

तुषार आला तेव्हा तिने सूक्ष्मदर्शक व्हरांड्यातच मांडला होता. एका काचेवर भिंतीवरचा बुळबुळीत थर, दुसरीवर जखमेतला स्राव. त्याने दोन्ही पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या.

"दोन्ही एकच आहे, मॅडम. पण बुरशी नाही."

"नाही. पेशी कशा विभागल्यात ते बघ. ते शेवाळ आहे, तुषार. आपलंच शेवाळ. फक्त हिरवं नाही."

त्याला कळायला वेळ लागला नाही. तरी तिने शांतपणे, वर्गात सांगावे तसे सांगितले. एवढ्या पाण्यात पेशी अगणित. त्या रोज विभागतात, आणि अगणित नकलांमध्ये काही चुकतातच. हरितद्रव्याविना फिक्या निघतात. एरवी त्या उपाशी मरतात, कारण उन्हातून अन्न करता येत नाही. "तुझ्या यंत्राने हिरव्या मारल्या, म्हणजे त्यांचं पाण्यात सूप झालं. फिक्यांना आयतं अन्न मिळालं. आणि तुझ्या यंत्राला त्या दिसल्याच नाहीत. तुषार, ते यंत्र शेवाळ मारत नाही. हिरवेपणा मारतं."

"पण हिरव्या संपल्यावर सूपही संपलं. मग या कशावर जगल्या?"

मैथिलीने कट्ट्याकडे पाहिले. व्हरांड्याच्या कट्ट्यावर तेलाची वाटी सकाळची तशीच होती. तुषारने तिच्या नजरेचा माग घेतला. पाण्यात तेलाखेरीज खाण्याजोगे काही उरलेच नव्हते. रोज सकाळी तिच्या हातांनी जे चोळले, त्याच्या मागोमाग ते फिके शेवाळ निरंजनच्या पायापर्यंत आले होते. जिथे तेल सर्वांत जास्त आणि जाणीव सर्वांत कमी, तिथे.

डॉक्टरांनी जखम साफ केली. पाय वाचेल, म्हणाले, पण औषध दीर्घकाळ चालेल आणि तोवर पाण्यात पाऊल टाकायचे नाही. सहा महिन्यांतले जे उरले होते, ते यातच जाणार होते. तुषारने वसाहतीतल्या प्रत्येक हरितवेधीवाल्या घरी फोन लावून तलावाच्या भिंतीला हात लावून पाहायला सांगितले. दोन घरांतून लगेच उलट फोन आले, भिंती बुळबुळीत होत्या. तिसऱ्या घरी आजोबांच्या पाठीवर चट्टा होता.

संध्याकाळी तुषार परत आला तो उपाय घेऊनच. पेशीची भिंत ओळखणारे यंत्र करता येईल, वर्षभरात.

"मग ज्याची भिंत वेगळी, ते वाढेल," मैथिली म्हणाली. "जे यंत्राला दिसत नाही, ते आपण पाळत जाऊ."

"मग करायचं काय?"

"ऊन फुकट आहे. हिरवं उन्हावर जगतं आणि पाण्यातलं बाकी सगळं आधी उचलतं. फिक्याला शिल्लक राहत नाही. आम्ही तेल थांबवलंच आहे. तुझी चकती बाहेर काढ."

"हिरवं वाऱ्यानंही येईल हळूहळू."

"येईल. मला आता कशाचीही वाट बघायचा कंटाळा आलाय."

तुषारने चकती काठावर उपडी ठेवली आणि बंद केली. शेवाळ मुद्दाम वाढवले म्हणून साठापाणी कचेरीची नोटीस येईल, असे तो पुटपुटला. येऊ दे, असे तिने हातानेच सांगितले आणि ती आत गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतली बाटली पहिल्या दिवशी होती तितकीच हिरवी होती. तिथवर हरितवेधी पोचलेच नव्हते. तलावाच्या भिंती खरवडून सोलवटलेल्या हातांनी तिने ती बाहेर आणली.

निरंजन पट्टी बांधलेला पाय समोर ठेवून काठाजवळच्या खुर्चीत बसला होता, गाळातून निघालेल्या त्याच खुर्चीत. त्याने बाटली उजेडात धरून पाहिली.

"एवढ्यासाठी तू तीन महिने राबलीस."

"हो."

"आण, मी ओततो. तू बस."

तिने झाकण काढून दिले. त्याने बाटली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, पकड नीट बसेपर्यंत थांबला, आणि मग तिरकी केली. नितळ पाण्यात एक हिरवा धागा सरळ तळाकडे गेला आणि विरला. बाटली शेवटपर्यंत सुटली नाही. मोजणाऱ्या यंत्राच्या काचेवर अजून शून्यच होते, आणि त्याखाली अभिनंदन.