सुखदाने भरलेले पडदे

खिडकी उघडीबोडकी दिसली आणि मीनाक्षीबाई दारातच थबकल्या. मुलाचा, सुधन्वाचा हात धरून त्या नुकत्याच डॉक्टरांकडून परतल्या होत्या.

"रेवती... माझ्या सुखदाचे पडदे कुठे आहेत?"

बाथरूममध्ये टबापाशी बसलेल्या सुनेचे हात पाण्यातच गोठले. तिची नणंद सुखदा जग सोडून गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. पण तिने लाल रेशमाने भरलेल्या त्या पांढऱ्या चंदेरी कापडाच्या पडद्यांना आई कुणाला हात लावू देत नसत. एकदा ड्रायक्लीनिंगला दिले, तर एक वेल उसवून आली, आणि तिथल्या रसायनाच्या वासाने आईंचा खोकला कितीतरी दिवस हटला नाही. तेव्हापासून दिल्लीची धूळ, दिवाळीनंतरचा धूर, सारं त्या पडद्यांत साचत राहिलं... आणि त्यांच्याच खाली आईंचा पलंग! पडदे धुवा नाहीतर काढून टाका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तो विषय निघाला की आई जेवणाच्या ताटावरून उठत. आज त्या बाहेर पडल्या आणि रेवतीने मन घट्ट केलं.

"मी घरीच धुतेय, आई. तुम्हाला विचारलं असतं तर..."

"नाहीच म्हटलं असतं. रंग गेला म्हणजे? माझी लेक दुसऱ्यांदा जाईल गं... तुला काय त्याचं? तुझी कोण होती ती?"

रेवतीच्या काळजात चर्र झालं. ती खाली मान घालून पडदा पाण्यात अलगद बुडवत राहिली. राहवलं नाही ते सुधन्वाला. बाल्कनीतल्या दोरीवरची ओढणी आणून त्याने आईच्या हातात दिली. रेवतीच्या लग्नात सुखदाने भरून दिलेली; तेच कापड, तोच धागा... आणि आता तिच्या एका पदरावर लालभडक ओघळ पसरलेले.

"काल तिने आधी ही भिजवून पाहिली, आई. कोमट पाण्यात रंग सुटला. दुसरा पदर गार पाण्यात, रिठ्याने धुतला, तो तसाच राहिला. मगच पडद्यांना हात लावला तिने."

मीनाक्षीबाई त्या ओघळांवरून बोटं फिरवत राहिल्या.

"सुखदाची एवढीच तर आठवण होती तुझ्याजवळ..."

"तुम्हाला नीट श्वास घेता यावा, एवढंच मनात होतं," रेवती कशीबशी म्हणाली.

आई टबापाशी आल्या. पाणी काळंकुट्ट झालं होतं. दोघींनी दोन टोकं धरून पडदा अलगद वर उचलला... शुभ्र पोतावर सुखदाची वेल जशीच्या तशी, लालचुटुक. मीनाक्षीबाईंनी डोळे मिटून घेतले. इतका वेळ छातीत अडकलेला श्वास हलकेच सुटला.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या.

पडदे सावलीत वाळून परत खिडकीला लागले, त्या दुपारी आई न खोकता गाढ झोपल्या. उठल्या त्या सुई-दोरा मागतच.

"ती ओढणी आण. डाग पडलेत तिथे फुलं भरते. सुखदाला टाके मीच शिकवले होते... बैस, तुलाही दाखवते."