टाळीचा दिवा

कऱ्हाडच्या नव्या नाट्यगृहात प्रत्येक खुर्चीच्या हातावर गव्हाएवढा दिवा आहे. सगळ्यांचं ऐकून झालं की तो लागतो, त्याआधी टाळी वाजवायची नाही. कारण एकाच मैफलीत कुणाचं गाणं आधी संपतं, कुणाचं मागाहून. ज्याचं आधी संपलं त्याने डोळे मिटून गप्प बसायचं, उगाच शेजाऱ्याचा रसभंग करायचा नाही. लहान मुलांना तर आता याचं काडीचंही नवल वाटत नाही.

ही करामत प्राध्यापक विश्राम तगारे यांची. त्यांची कर्णिका, म्हणजे कानात बसणारा मसुराएवढा यंत्रकण, मंचावरचे सूर बाहेरच अडवते, ऐकणाऱ्याची नाडी बघते आणि त्याला मानवेल तसं गाणं करून देते. रचना आधीच सभागृहाच्या यंत्रात भरलेली असते, म्हणून पुढचे सूर तिला ठाऊक असतात. जीव रेंगाळतोय? लय वाढव. आवाज टोचतोय? पट्टी उतरव. मन जड आहे? कोमल गंधार अर्धा स्वर वर सरकव, की रडवेलं गाणं हसरं झालंच म्हणून समजा. हजार श्रोते, हजार मैफली! तगाऱ्यांचा सत्कार झाला नाही असं गाव जिल्ह्यात उरलं नव्हतं, आणि का होऊ नये? आपल्या कृष्णाकाठचा माणूस साऱ्या जगाच्या कानात जाऊन बसला होता.

आज तर अभिमानाला नुसतं उधाण आलं होतं. मंचावर पियानोपाशी त्यांची लेक शाल्मली होती. तिची आई सुनंदा वेणी घालताना एक गाणं म्हणायची. ते शाल्मलीनं पियानोसाठी बांधलं होतं आणि प्रत्येक मैफलीच्या शेवटी ती तेच वाजवायची. तगाऱ्यांच्या शेजारी आज सुनंदाचे थोरले भाऊ गजाभाऊ होते, बार्शीहून पहिल्यांदाच भाचीला ऐकायला आलेले.

"दाजी, मला एक सांगा," गजाभाऊ म्हणाले. "पोरगी एक वाजवणार आणि तुम्ही भलतंच ऐकणार. मग तिनं घाम कशाला गाळायचा?"

"भलतं कसं? सूर तिचेच. लय, पट्टी आणि भाव तेवढा माझ्या तब्येतीनं. चहा तोच हो, साखर ज्याची त्यानं घ्यायची."

"आणि करणारीनं मुद्दामच बिनसाखरेचा केला असला तर?"

"तुम्ही पण ना, गजाभाऊ! तुमच्या कानाचं ऑपरेशन झालं नसतं, तर तुम्हालाही एक बसवून दिली असती."

तगारे हसले खरे. पण सुनंदा दम्यानं गेली तेव्हा साधं रेडिओवरचं गाणं लागलं तरी त्यांचा जीव गुदमरायचा. त्यातूनच कर्णिका जन्मली. तिचा पहिला नियम त्यांनी स्वतः लिहिला होता: गाण्यात कुठेही रिकामी जागा राहू द्यायची नाही, दुःख तिथूनच आत येतं.

दर मैफलीनंतर शाल्मली विचारायची, "बाबा, कसं झालं शेवटचं?" ते म्हणायचे, "झकास! काय उत्साह आहे गं तुझ्या हातात!" मग ती घरी पोचेपर्यंत बोलायची नाही. दमली असेल बिचारी, असं ते समजायचे.

आजही गाणं तगाऱ्यांच्या कानात दुडक्या चालीनं धावलं, खळाळलं आणि संपलं. ते डोळे मिटून दिव्याची वाट बघत बसले. तेवढ्यात शेजारून हुंदका आला. बघतात तर गजाभाऊ रुमालानं डोळे पुसत होते.

"अहो, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"गप बसा हो दाजी! सुनंदा श्वास घेतेय."

म्हातारा भ्रमला की काय, असं तगाऱ्यांना वाटलं. त्यांनी मंचाकडे पाहिलं. शाल्मलीचे हात पियानोच्या पट्ट्यांवर अधांतरी थांबले होते. त्यांनी कर्णिका काढली.

काहीच वाजत नव्हतं. मग सूर आले, संथ, काळी चारमध्ये, सुनंदाच्याच पट्टीत, कोमल गंधारावर रेंगाळणारे. आणि पुन्हा थांबले. सुनंदाला दम लागला की ती कंगवा लेकीच्या केसांत तसाच ठेवून थांबायची. तेव्हा तगारे दारातून ओरडायचे, "आटपा, शाळेला उशीर होतोय!" आज त्यांनी ओठ घट्ट मिटले. जीव पार गुदमरला, तरी कर्णिका परत घालावीशी वाटेना. माझ्या लेकीनं केलं हे! आजवरचे सगळे सत्कार त्यांना याच्यापुढे फिके वाटले.

दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि शाल्मली खाली आली.

"बाबा, कसं झालं शेवटचं?"

"तू थांबलीस, बाळा. आईसारखी."

"दर वेळी थांबते, बाबा," शाल्मली म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली.

एवढ्यात मागच्या रांगेतल्या एक बाई नातीला घेऊन लगबगीनं पुढे आल्या. "काय गं बाई धमाल! पोरीनं सगळं कसं एका दमात वाजवलं!"

"नाही हो," तगारे म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि मान मात्र ताठ होती. "कर्णिका काढून ऐका एकदा. माझी लेक काय वाजवते ते ऐकाच. ती पुन्हा वाजवेल."

"माझी काढीन हो सर. पण हिची?" बाईंनी नातीला पुढे केलं. "हिची कायमची आहे. बारशाला कान टोचतानाच बसवली, तुमच्याच हातून. विसरलात होय?"

पोरीनं आपली वेणी मागे सारली आणि मोठ्या अभिमानानं कान त्यांच्यापुढे केला.