परत आलेलं प्लगइन

"कुठल्या नावावर अडकतं?"

पेरिझातनं मान वळवली. मक्सिम विकणाऱ्या बाईच्या मोठ्या छत्रीखाली पावसाला चुकवून बरीच माणसं दाटीवाटीनं उभी होती, आणि तिच्या अगदी खांद्याशी एक उंच, सडपातळ मुलगा पेला धरून उभा होता. त्या आंबूस पेयाची तपकिरी मिशी त्याच्या ओठावर उमटली होती... आणि त्याला पत्ताही नव्हता.

"मला विचारलंत?"

"तुम्हीच आत्ता फोनवर सांगत होतात ना? गाण्याचं सॉफ्टवेअर उघडतं, प्लगइन शोधत बसतं आणि अडकतं म्हणून. कुठल्या नावावर?"

"लोकांचे फोन चोरून ऐकता?"

"चोरून कसलं! तुम्ही इतक्या जोरात बोलत होतात की पलीकडच्या बसमधल्यांनीही ऐकलं असेल."

मक्सिमवाली बाई खुदकन हसली. पेरिझातला राग यायला हवा होता. पण त्या मिशीपुढे राग टिकेना. स्वतःचा कोट काढून तिनं लॅपटॉपला गुंडाळला होता आणि स्वतः मात्र नखशिखांत भिजली होती.

"'घुमट' नावाचं एक आहे," ती म्हणाली. "आवाज घुमवणारं. पण ते तर मी कधीच काढून टाकलंय!"

"कसं काढलंत?"

"कसं म्हणजे? ओढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं."

त्यानं असा चेहरा केला, जणू कुणी त्याच्या पायावर पाय दिलाय.

"गवत वरून कापलंत तुम्ही. मुळं आतच आहेत. ती उपटावी लागतील... मी कुबात. संगीत शाळेच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर बसतो. केव्हाही या."

"येईन. पण आधी मिशी पुसा."

त्यानं घाईघाईनं बाही ओठांवर फिरवली. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या, त्या काही पुसता आल्या नाहीत.

कुबातचं नाव तिनं ऐकलं होतं. बिश्केकच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत तो प्रसिद्धच होता. गाणी बांधून द्यायचा आणि गाण्यांचे आजारी कॉम्प्युटर बरे करायचा. कुबातनं साफ केलं की परत बघायला नको, असं लोक म्हणायचे.

आणि पेरिझातच्या लॅपटॉपला साफसफाईची फार गरज होती. आधी ती एका बँडमध्ये तीन तारांचा कोमुझ वाजवायची. त्यांचा म्होरक्या एर्मेक दिसेल ते प्लगइन, म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, तिच्या लॅपटॉपमध्ये भरून ठेवायचा. चार दिवस फुकट चालणारी, अर्धवट, कुठून कुठून आणलेली. मग एक दिवस एर्मेक मॉस्कोला निघून गेला, बँड मोडला, आणि हा सगळा पसारा तिच्या गळ्यात पडला. एर्मेकवर तिचं प्रेमबीम नव्हतं हो; राग मात्र भरपूर होता. कारण आता ओकच्या बागेतल्या खुल्या रंगमंचावर तिचा पहिला एकटीचा कार्यक्रम ठरला होता. हातात कोमुझ, आणि साथीला लॅपटॉपमधून तिनंच वाजवून ठेवलेले सूर. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या बुरुल एझेंनी, म्हणजे बुरुलताईंनी, बजावलं होतं, "बाळे, तुझं यंत्र रुसलं तर मी थांबणार नाही हं. तुझी वेळ सरळ दुसऱ्याला देईन."

दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या खोलीत गेली. खुर्चीवर वायरींचा डोंगर होता. त्यानं तो उचलून जमिनीवर ठेवला, किटली लावली, आंबट चेरीचा मुरंबा पुढं सरकवला आणि कामाला लागला. पेरिझातला वाटलं होतं, हा दोन बटणं दाबेल आणि मोकळा होईल.

त्यानं डब्यातला 'घुमट' उचलून पुन्हा जागेवर ठेवला, तेव्हा सॉफ्टवेअर कुंथत कुंथत उघडलं. "आधी गाणं ओतून घेऊ," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"'घुमट' तुमच्या एका गाण्यात वापरलेला आहे. तो असाच उपटला तर गाण्याचा आवाज बदलेल. म्हणून आत्ता जसं ऐकू येतंय तसंच ते एका फाइलमध्ये ओतून ठेवायचं. मग 'घुमट' गेला तरी गाणं जागच्या जागी."

गाणं सुरू झालं. त्यानं डोळे मिटले. बाहेर पाटातून पावसाचं पाणी खळाळत होतं, आत तिचा कोमुझ वाजत होता, आणि हा माणूस शेवटचा सूर विरेपर्यंत हलला नाही. पेरिझात त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिली. चहा निवून गेला...

"याला घुमट नसता तरी चाललं असतं," तो हळूच म्हणाला. "तुमच्या बोटांतच इतकं आहे."

"मग काढून टाकू?"

"छे! गाणं तुमचं आहे. तुम्ही बांधलंत तसंच राहील."

मग त्यानं 'घुमट'ची फाइल उचलली. पण पुसली नाही. 'उंबरठा' नावाचा एक फोल्डर केला आणि तिला तिथं नेऊन ठेवलं.

"हाकलायच्या आधी जरा उंबरठ्यावर उभं करायचं. कुणी आतून हाक मारतंय का बघायचं. आठवड्याभरात कुणाचं अडलं नाही, तर खुशाल टाकून द्या."

त्यानंतर तो लपलेल्या जागा धुंडाळत गेला. इथं 'घुमट'ची आवडनिवड लिहून ठेवलेली, तिथं परवान्याचं कागदपत्र, आणखी कुठं त्याचा एक छोटा मदतनीस झोपलेला. एकेकाला त्यानं नावानिशी शोधलं. शेवटी सॉफ्टवेअरच्या आठवणीतली यादीही पुसली आणि त्याला सगळं नव्यानं बघायला लावलं. ना घाई, ना फुशारकी. पेरिझातनं शहरात पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती, पण दुसऱ्याची वस्तू इतक्या हळुवारपणे हाताळणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. तिला तो आवडला. अगदी तिथंच, त्या निवलेल्या चहासमोर.

सॉफ्टवेअर झटकन उघडलं.

"झालं. आता परत यायला नको," कुबात अभिमानानं म्हणाला.

परत यायला नको म्हणे! असं बोलतात का मुलीशी?

पण एर्मेकच्या कृपेनं पसारा मोठा होता. लवकरच दुसरं एक नाव अडकलं, मग तिसरं. पेरिझात कणकेचे बोरसोक तळून न्यायची, तो खुर्चीवरचा डोंगर खाली ठेवायचा, आणि काम संपल्यावरही गप्पा संपत नसत. तिसऱ्या खेपेला मात्र तो बराच वेळ नुसता पडद्याकडे बघत बसला.

"झालं... बहुतेक," तो म्हणाला.

"बहुतेक? तुम्ही?"

"झालं, झालं," असं म्हणून त्यानं तिच्याकडे न बघता लॅपटॉप मिटला.

कार्यक्रम शनिवारी होता. शनिवारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडला आणि बुरुल एझेंनी तो बुधवारवर ढकलला. लॅपटॉप ठणठणीत, त्यामुळे कुबातकडे जायला निमित्त नाही. मंगळवारी पेरिझातला राहवेना. तिनं उंबरठ्यावरच्या 'घुमट'ला हळूच उचललं आणि पुन्हा घरात घेतलं. एकदा उघडून पाहिलं, तर अडकलं! ती इतकी खूश झाली, की कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. केस विंचरून, नवा रुमाल बांधून ती तळमजल्यावर पोचली, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, कुबात कोचकोर गावी बहिणीच्या बाळाला बघायला गेलाय.

घरी येऊन तिनं वैतागानं 'घुमट' ओढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. होय, पहिल्यासारखाच!

बुधवारी बागेत ओलसर ऊन पडलं होतं. लोक खुर्च्या पुसून बसत होते. पेरिझातनं लॅपटॉप उघडला... आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं फोन लावला.

"कुबात, अडकलंय!"

"कुठल्या नावावर?"

"...'घुमट'."

"'घुमट'?" पलीकडून त्यानं पुन्हा विचारलं.

"कुबात, तू ये ना... प्लीज." आपण 'तू' म्हणालो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तो नुकताच कोचकोरच्या बसमधून उतरला होता. तसाच, पिशवी खांद्याला लटकावून धावत आला. रंगमंचामागे खोक्यावर लॅपटॉप ठेवून दोघं वाकले. बुरुल एझे कमरेवर हात ठेवून उभ्या.

"हे मी माझ्या हातानं काढलं होतं," कुबात म्हणाला. "काढलेलं प्लगइन पायांनी चालत परत येत नाही. कुणी घातलं?"

"ते महत्त्वाचं आहे का?"

"आहे. कुठून कुठं गेलं ते कळल्याशिवाय मी सगळं शोधत बसेन, आणि तोवर तुझी वेळ संपेल."

पेरिझातनं एझेंकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि श्वास घेतला.

"मी घातलं. उंबरठ्यावरून उचलून. मग परत डब्यात टाकलं."

"पण का?"

"तुझ्याकडे यायला निमित्त हवं होतं! मला तू आवडतोस, म्हणून. झालं समाधान? आता काढ ते!"

 कुबातची बोटं भराभर चालू लागली. मुळं उपटली, यादी पुसली, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं. पडद्यावरची पट्टी सरकली, सरकली... आणि थांबली. 'दरी', पडद्यावर नाव आलं, आणि खाली परवाना मागणारी चौकट.

"शप्पथ!" पेरिझात किंचाळली. "हे मी नाही घातलं!"

 कुबातच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"हे... माझं," तो पुटपुटला.

"काय?"

"तिसऱ्या खेपेला मी हे... राहू दिलं. फुकट वापरायची मुदत सोमवारी संपणार होती. मला वाटलं, शनिवारी कार्यक्रम होईल, सोमवारी हे अडेल, आणि मग तू..." त्यानं पडद्यावरची चौकट मिटवली. "पाऊस येईल हे नव्हतं माहीत."

बुरुल एझेंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आणि माझा कार्यक्रम का मारताय दोघं मिळून? जाऊन चहा प्या की सरळ! काढ ते, पोरा, लवकर काढ!"

'दरी' गेली, अगदी मुळापासून. सॉफ्टवेअर उघडलं आणि पेरिझातचा जीव भांड्यात पडला. ती रंगमंचावर गेली. तिचेच जुने सूर लॅपटॉपमधून उठले, त्यांवर तिनं कोमुझ छेडला, आणि बागेतली कुजबुज थांबली. तिनं आजवर कधी वाजवलं नव्हतं इतकं सुरेख वाजवलं. कडेला पिशवी खांद्याला लावून उभ्या असलेल्या कुबातनं डोळे मिटले होते. टाळ्यांच्या गडबडीत ती त्याला शोधत आली, तोवर एझेंनी त्याला खुर्च्या उचलायला पाठवलं होतं. शिक्षाच ती!

दुसऱ्या दिवशी पेरिझात त्याच्या दारात उभी राहिली. कुबातनं तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"लॅपटॉप कुठाय?"

"घरी. ठणठणीत आहे."

"मग... काय बिघडलंय?"

"काहीच नाही. म्हणून तर आले."

खुर्चीवर आज एकही वायर नव्हती. किटली आधीच वाफाळत होती.

"कुणी येणार होतं का?" तिनं विचारलं.

"येईल असं वाटत होतं... सकाळपासून."

ती खुर्चीत बसली, आणि त्यानं पुढं केलेला मुरंबा तिनं बाजूला सारला.

"काल चारचौघांत मी बोलले. तू नुसती 'दरी' ठेवलीस. तसं चालायचं नाही, कुबात. तोंडानं बोल."

तो हसला, मान खाली घातली, पुन्हा वर केली.

"मला... म्हणजे त्या दिवशी गाणं ओतताना... मला तू आवडतेस, पेरिझात."

"परत म्हण."

या वेळी तो अडखळला नाही.