अर्लिनच्या निरोपाचं जेवण

शवपेट्यांच्या दुकानावरच्या माडीत खाजगी शोधक क्रिस्पुलो फामातिद यांची कचेरी होती. पिलार जिना चढून आली तेव्हा तिच्या चपला हातात होत्या. नुकत्याच पुसलेल्या पायऱ्या मळतील म्हणून तिने त्या काढल्या होत्या.

"मनोंग," थोरल्या भावाला मारतात तशी तिने क्रिस्पुलोंना हाक मारली, "चार महिने झाले, माझ्या लेकीचा, अर्लिनचा आवाज कानावर नाही."

क्रिस्पुलोंचा मेहुणा बर्तितो याने तिला खुर्ची दिली. ती सांगू लागली. हाँगकाँगला घरकाम मिळणार म्हणून गावातल्या तीन मुली निघाल्या. मनिलात त्यांना एका घरात कोंडलं. जोवी आणि रेशेल न्हाणीघराच्या खिडकीतून निसटल्या. अर्लिनला मात्र त्याआधीच पुढे कुठेतरी धाडलं होतं.

"कोणी धाडलं?"

"फोनवर कोणी 'सर' बोलायचा. तोंड कुणी पाहिलं नाही. जोवीला म्हणाला होता, तुमची नावं तुमच्याच गावातून आलीत."

"ते माणूस सापडलं, तर सरांचा माग लागेल," क्रिस्पुलो म्हणाले. "आणि सरांचा लागला, तर अर्लिनचा."

पिलारने फोन पुढे केला. निरोपाच्या जेवणाचं चित्रण रेशेलच्या भावाने केलं होतं. टेबलाशी तिन्ही मुली, पिलार, तिची थोरली बहीण साल्बी आणि गावकचेरीतला कारकून फेलिमोन. साल्बीच्या ताटलीतल्या भाजलेल्या माशाची शेपटी दाराकडे होती. गाडीवाला काद्यो आत आला आणि म्हणाला, "चला पोरींनो, लवकर!" तिघी मुली अर्धं जेवण टाकून उठल्या. ताटल्या खडखडल्या. फेलिमोनच्या ताटलीतली कोळंबीची सालं टेबलावर सांडली. साल्बीने दोन्ही हातांनी रुमाल डोळ्यांना लावला होता. तिच्यापुढचा मासा दाराकडे शेपटी करून पडला होता.

"जेवण चालू असताना कोणी प्रवासाला उठलं की मागे राहिलेल्यांनी आपापल्या ताटल्या अर्धा फेरा फिरवायच्या. आम्ही फिरवल्या हो, मनोंग!" पिलार रडू लागली. "आणखी काय करायचं होतं आम्ही?"

क्रिस्पुलोंनी ते चित्रण दोनदा पाहिलं.

फेलिमोन गावकचेरीत आपली नवी मोटारसायकल पुसत होता. "मुलींचे दाखले मीच दिले. दाखला देणं गुन्हा असेल तर मनोंग, अर्धं गाव माझ्यासोबत आत घ्या."

"हाच तो," बाहेर पडताच बर्तितो कुजबुजला. "गाडी बघितलीत का?"

"बघितली. हप्त्यांची चिठ्ठी अजून तिच्यावरच चिकटलीय."

काद्यो गाडीच्या पायरीवर बसला होता. "जोवी माझी सख्खी बहीण. मीच तिला तिथवर नेऊन सोडली. थुंका माझ्या तोंडावर."

साल्बी गावच्या प्रार्थनाघरात रोज जपमाळ सांगायची. तिने पाहुण्यांपुढे तांदळाचा केक ठेवला, स्वतःही घेतला. कपाटावर परदेशी खोका होता, साबण-चॉकलेटचा, आखातातल्या मुलीने धाडलेला.

"नेनित बरी आहे ना?" क्रिस्पुलोंनी विचारलं. "खोक्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसते. यंदाचा नाही आला?"

"येईल," साल्बी म्हणाली.

क्रिस्पुलो एकदम उठले. साल्बीने घास तोंडात असतानाच आपली ताटली फिरवली.

"अहो मनांग, अहो ताई, मी कोपऱ्यावर विडी आणायला निघालोय!"

"रस्ता तो रस्ता, मनोंग. आमच्या आईची शिकवण आहे."

दोन दिवसांनी भरदुपारी क्रिस्पुलोंनी सगळ्यांना पिलारच्याच टेबलाशी बोलावलं. साल्बीला तिच्या त्याच जागेवर बसवलं. अंगणात पोलीस बाई उभी होती. वाढणं झालं, चार घास पोटात गेले, तेव्हा ते बोलू लागले.

"सांडलेली सालं सांगतात की फेलिमोनने ताटली फिरवली. काद्यो जेवायला बसलाच नव्हता, पण कैदखान्यात सोडायचं ठाऊक असतं तर त्याने स्वतःची बहीण गाडीत बसवली नसती. राहिली एक ताटली. माशाची शेपटी आधी दाराकडे होती, मुली गेल्यावरही दाराकडेच. मनांग साल्बी, मी विडीला निघालो तरी तुमचा हात थांबला नाही. त्या दिवशी भाची समुद्रापार निघाली होती."

"रडत होती ती!" बर्तितो म्हणाला. "सुचलं नसेल."

"तोंडात घास असतानाही ज्यांना सुचतं, त्यांना? ताटली फिरवणं म्हणजे सुखाने पोचा अशी प्रार्थना. मुली पोचणार नाहीत हे यांना माहीत होतं. देवाशी खोटं बोलायला हात उठेना, म्हणून दोन्ही हात रुमालात गुंतवले. आणि दोन वर्षं खोका नाही. नेनितही त्याच सरांच्या वाटेने गेली ना, मनांग?"

साल्बीने हातातला घास ताटलीत परत ठेवला.

"तो म्हणाला, तीन नावं दे, नेनितला सोडतो. मी एक पेसोही घेतला नाही, पिलार. मेरीमातेची शप्पथ."

"कायदा पेसो विचारत नाही," क्रिस्पुलो हळू आवाजात म्हणाले. "परवाना नसताना परदेशी कामासाठी नावं पुरवणं हीसुद्धा भरतीच. त्यात मुली तीन. जन्मठेप आहे, मनांग."

"असू दे."

पिलारने बहिणीचं मनगट धरलं. "मनांग, माझी लेक कुठं आहे?"

"त्याचा नंबर लागत नाही गं. महिना झाला. नेनितही आली नाही. मला काहीच ठाऊक नाही."

बर्तितोने क्रिस्पुलोंकडे पाहिलं. आता हे पुढचं काही सांगतील, एखादा धागा काढतील. क्रिस्पुलो हातातला चमचा पुसत राहिले.

पोलीस बाई आत आली. साल्बी उठली, तशीच, हातही न धुता. दारापर्यंत गेली तरी टेबलाशी कोणी हललं नाही. एकही ताटली वाजली नाही.

मग पिलारने हात लांबवला. बहिणीची ताटली तिने दोन्ही हातांनी धरली आणि सावकाश, भाताचं शीतही सांडू न देता, फिरवली.

"ही तेवढी फिरवायची राहिली होती," ती म्हणाली. "अर्लिनसाठी."