अनुक्रमणिकेत नसलेलं पान

ती पहिल्यांदा त्याच्या टेबलाशी आली ती भांडायलाच.

"माझं अर्धं पान कुठे गेलं?"

सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहिती ती लिहायची. लिहिणारे साध्या फायलींत खुणा घालून मजकूर द्यायचे. तो बिल्ड चालवायचा, की त्याची वेबसाइटवरची पानं व्हायची. कमी बोलतो म्हणून ऑफिसात त्याला मौनीबाबा म्हणत.

"यादीच्या आधी एक ओळ मोकळी हवी," तो म्हणाला.

"एका ओळीसाठी एवढा रुसवा?"

"मी नाही... बिल्ड रुसलाय."

ती हसली. पुढे तिच्या फायली वरचेवर चुकू लागल्या. इतक्या हुशार बाईच्या हातून इतक्या चुका कशा होतात, हे सगळ्या मजल्याला कळलं. त्याला सोडून.

"बिल्ड चालवला की येणाऱ्या या वॉर्निंगा वाचतं तरी कोण?" तिनं एकदा विचारलं.

"मी. एकही शिल्लक ठेवत नाही."

"एकही?"

"एकही."

मग तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. शुक्रवार शेवटचा दिवस. आठवडाभर तो रोज मनाशी वाक्य जुळवून तिच्या टेबलापर्यंत जायचा आणि फायलीचं नाव विचारून परत यायचा.

शुक्रवारी सकाळी वॉर्निंग आली: हे पान कुठल्याच अनुक्रमणिकेत नाही. फाईल तिची होती. हाताच्या सवयीनं, पान न उघडताच, त्यानं अनुक्रमणिकेत त्याचं नाव घातलं. वॉर्निंग मिटली. पान वेबसाइटवर गेलं.

दहा मिनिटांत मजल्यावर खसखस पिकली. ती आली, लालबुंद होऊन.

"अहो, वाचलंत तरी का आधी?"

"नाही..."

"मग आता वाचा. बाकी सगळ्यांचं वाचून झालंय!"

मथळा होता 'मौनीबाबांसाठी'. खाली दोन ओळी. 'मी आज जाते आहे. थांबा म्हणालात, तर थांबेन.'

त्याचे कान तापले.

"वॉर्निंगा तुम्हीच वाचता ना — म्हणून तर ते अनुक्रमणिकेत घातलं नव्हतं..." तिनं पडद्याकडे बोट केलं. "जाऊ दे. काढा ते."

त्यानं ते नाव अनुक्रमणिकेतून काढलं. पानाची फाईल मात्र तशीच ठेवली. ती वळली.

"थांबा," तो म्हणाला.

"कशाला?"

"माझ्यासाठी."

आजूबाजूच्या टेबलांवर कुणी खोकलंसुद्धा नाही.

ती थांबली. लग्न झालं, संसार झाला. अकरा वर्षं. मग आजारानं तिला थांबू दिलं नाही.

परवा नव्या मॅनेजरबाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. "प्रत्येक बिल्डला ही एक वॉर्निंग येते, पान अनुक्रमणिकेत नाही म्हणून. तुमच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटली?"

"सुटली नाही."

"मग? काढून टाकू या का ती फाईल?"

त्यानं चष्मा काढून पुसला.

"नको, बाई. येऊ द्या तिला," तो म्हणाला, आणि बिल्ड चालवला.