पंधरा वर्षं की साठी?

रात्रपाळी संपवून सकाळच्या पहिल्या एसटीने नांदगावला उतरले, ती थेट देवळात. आईचा हुकूमच होता – "घराक येवच्या आदी कौल घी." कसला, तर बचतीचा! हॉस्पिटलला मार्चअखेर टॅक्ससाठी पावती हवी होती, आणि दोन खात्यांतलं एक माझ्याने निवडवत नव्हतं.

देवापुढचा गुरव वळला… आणि मी थबकले. हा तर पोस्टाच्या खिडकीतला गुरुदास!

"तुमी हय?"

"औंदा पूजेची पाळी आमच्या घराकडे. धा वाजता पोस्ट. फॉर्म भरलास?"

"त्याचोच कौल घेवक इलंय. पेन्शनचा खाता की पीपीएफ?"

तो हसला. "देवाक खंय टॅक्स आसा?"

"मगे तुमी सांगा."

"आज टॅक्स दोनय खात्यांत वाचता. पण पेन्शनचे पैसे साठीपर्यंत अडाकतत, आणि मगे पेन्शन येता तेच्यार टॅक्स. पीपीएफचे पंधरा वर्षांनी सगळे हातात, एक पैसो टॅक्स नाय."

पंधरा वर्षं… पाय आत्ताच भरून आले होते. साठीपर्यंतच्या रात्रपाळ्या तर डोळ्यांसमोर आणवत नव्हत्या.

"आई म्हणता, एकट्या बाईक पेन्शनच बरी."

पाण्यात बुडवलेल्या कळ्या त्याच्या बोटांत तशाच राहिल्या. "एकटी… ह्या नक्की झाला?"

"माका काय म्हायत? इचारा देवाक."

त्याने कळ्या पाषाणावर चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची तर नाही. देवाला घालायचं गाऱ्हाणं मात्र तोंडातल्या तोंडात.

"मोठ्यान म्हणा की!" मी खांबाला टेकत म्हटलं. बाहेरून काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता. डोळे कधी मिटले, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा ऊन मंडपात आलेलं. तो शेजारी, हातभर अंतर ठेवून बसलेला. साडेदहा वाजले होते!

"पोस्ट?"

"उशीर होतलो म्हणान फोन केलंय."

"माका उठवलास कित्याक नाय?"

"धीर झालो नाय. किती दमलास ओ तुमी…"

कुणी असं शेवटचं कधी म्हटलं होतं? मी घाईने पदर सारखा केला.

"कौल पडलो?"

"पडलो."

"खंयच्या खात्याक?"

"खात्याचा इचारूकच नाय मी." त्याचे कान लालबुंद झाले. "मी इचारलंय… हेंच्या म्हातारपणात माका जागा आसा काय?"

मी सरळ होऊन बसले.

"देवान काय सांगल्यान?"

"डावो दिल्यान."

"म्हणजे नाय!"

"नाय." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पण गप रवाक जमला नाय. म्हणान आता तुमकाच इचारतंय."

देवाचा नकार घेऊनही विचारणारा माणूस… मला हसू आलं, आणि डोळेही भरले. इतकी दमले होते की लाजायचंही त्राण नव्हतं.

"पीपीएफचो फॉर्म भरा," मी म्हटलं. "आईक मी सांगतंय, एकटी नाय म्हणान."

तो लगबगीने उठू लागला.

"आता जरा हय सरका. खांब टोचता माका."